एकच मेल दोनदा उतरतोय? आधी या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातली आडत असो, जालन्याच्या एमआयडीसीतलं स्टील कारखान्याचं ऑफिस असो की परभणीतला कर सल्लागार, तक्रार तीच: "आउटलुक उघडलं की कालचेच मेल परत उतरतात, इनबॉक्स नुसता फुगलाय." त्यावरचा इलाजही ठरलेला. सगळं निवडायचं आणि डिलीट मारायचं. सगळ्यात मोठी चूक हीच. जास्तीचा मेल कुठं तयार होतोय हे माहीत नसताना पुसलं, तर उद्या तो परत उतरतो. खातं आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या यंत्रांवर तेच दिसतात, अशा पद्धतीचं) असेल तर अस्सल मेलही हातचा जातो. तोवर एकच बिल टॅलीत दोनदा चढलेलं असतं आणि जीएसटीआर-२बीशी (जीएसटीच्या पोर्टलवरच्या खरेदीच्या पत्रकाशी) ताळमेळ लावताना मुनीमजींचा अख्खा दिवस मोडतो.

आधी बघा, दोन कुठं आहेत

ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा आणि तोच मेल शोधा. तिथं एक आणि आउटलुकमध्ये दोन दिसले, तर घोळ तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. वेबमेलवरच दोन असतील, तर आउटलुकच्या सेटिंगला हात लावू नका, ते बिचारं निर्दोष आहे.

दोन जिथं दिसले, तिथं दोन्हींचं हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) उघडा. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल', थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये 'मेसेज सोर्स'. त्यात 'मेसेज-आयडी' नावाची ओळ असते. ती दोन्हींत वेगळी असेल, तर पाठवणाऱ्यानंच दोनदा पाठवलंय. त्याला फोन करा. ती सारखी पण 'रिसीव्हड'च्या (मेल कोणत्या सर्व्हरवरून आला ते सांगणाऱ्या) ओळी वेगळ्या असतील, तर मेल दोन वाटांनी आलाय: ऑफिसचा जुना पत्ता आणि मालकांचा पत्ता, दोन्ही एकाच पेटीत फॉरवर्ड केलेले असतात आणि पाठवणाऱ्यानं दोघांनाही मेल टाकलेला असतो. आउटलुकमधल्या दोन्हींचं हेडर अक्षरशः जसंच्या तसं असेल, तर मात्र तुमच्याच प्रोग्रामनं तो दोनदा उतरवलाय. एवढं तपासायला फार वेळ लागत नाही, पण लोक थेट विंडोज फॉरमॅट करायला निघतात.

पॉप विसरतो कसा

पॉप म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत. आज वापरात असलेल्या पॉप३ चे नियम १९९६ चे आहेत आणि ते अगदी साधे आहेत. कोणता मेल कुणी उतरवला, हे लक्षात ठेवायची जबाबदारी या नियमांनी सर्व्हरवर टाकलेली नाही. सर्व्हर प्रत्येक मेलला एक कायमचा ओळख क्रमांक देतो, आणि प्रोग्राम तो यूआयडीएल या आज्ञेनं विचारतो. कोणते क्रमांक उतरवून झाले, याची यादी तुमचा प्रोग्राम आपल्याकडे ठेवतो, ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरसारखी. थंडरबर्डमध्ये ही यादी 'पॉपस्टेट डॉट डॅट' नावाच्या फाइलीत असते. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण चालू असेल आणि ही यादी हरवली किंवा बिघडली, तर प्रोग्रामच्या लेखी सर्व्हरवरचा प्रत्येक मेल नवा.

यादी हरवते कशी, तर बहुतेकदा आपल्याच हातानं. नवीन कॉम्प्युटर आला, जुने मेल इम्पोर्ट केले आणि खातं मात्र नव्यानं जोडलं: यादी कोरी, जुने मेल हजर, त्यावर सर्व्हरवरचे परत उतरले. थंडरबर्ड हलवताना म्हणूनच अख्खं प्रोफाइल फोल्डर उचलावं, नुसते मेल नव्हे. दुसरं कारण होस्टिंग बदलणं. वेबसाइटवाल्यानं स्वस्त सर्व्हरवर खाती हलवली की ओळख क्रमांक बदलू शकतात आणि यादी शाबूत असूनही काही उपयोग होत नाही. हलवण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरवर मेल उतरवून घ्या, आणि हलवल्यावर पॉपचं आपोआप तपासणं बंद ठेवून आधी वेबमेलवर नजर टाका.

आपल्याकडं आणखी एक कारण हमखास असतं: लाईट आणि नेट. पॉपमध्ये 'हा मेल पुसा' असं सांगितलं तरी सर्व्हर तो लगेच पुसत नाही. प्रोग्रामनं शेवटी 'क्विट' म्हणून रीतसर निरोप घेतला, तरच पुसतो. रस्त्याच्या कामात केबल तुटली, लोडशेडिंगमध्ये राउटर बंद पडला किंवा मोठ्या जोडपत्रावर कनेक्शन अडकून वेळ संपली, की निरोप राहतो आणि सर्व्हरवर सगळं जागेवर. प्रोग्रामची यादीही अर्धवट लिहिली गेली असेल, तर पुढच्या वेळी तेच मेल पुन्हा पहिल्यापासून. इलाज: राउटर यूपीएसवर घ्या, आउटलुकमधला सर्व्हर टाइमआउट वाढवा, आणि दर मिनिटाला मेल तपासण्याचा हट्ट सोडा. अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंगही मध्ये अडकतं. ते तेवढं बंद करून बघा. जोडपत्र उघडताना फाइल तपासली जातेच.

जीमेलवाल्यांसाठी वेगळा सापळा आहे. पॉपच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या मेलसाठी पॉप चालू करा' आणि 'आतापासून येणाऱ्या मेलसाठी' असे दोन पर्याय असतात. पहिला निवडला की आधी उतरवून झालेलेही परत येतात. तो निवडायचा नाही, एवढंच.

एका पेटीवर पॉप आणि आयमॅप, दोन्ही

मालकांच्या मोबाइलवर आयमॅप, काउंटरच्या कॉम्प्युटरवर पॉप, आणि मागच्या ऑपरेटरनं त्याच आउटलुकमध्ये तेच खातं आयमॅपनंही जोडून ठेवलेलं. मग प्रत्येक मेल दोन जागी दिसणारच. 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. एकच पत्ता दोनदा दिसला, तर कारण सापडलं. यातलं पॉप खातं 'सर्व्हरवर प्रत ठेवा' न ठेवता चालत असेल, तर उलटा त्रास होतो: काउंटरवर मेल उतरला की मालकांच्या मोबाइलमधून गायब.

आयमॅपमध्येही जोडी दिसते, पण ती बहुतेकदा खोटी असते. जीमेलचा एकच मेल 'इनबॉक्स' आणि 'ऑल मेल' अशा दोन्ही फोल्डरांत दिसतो. डुप्लिकेट काढणारं अ‍ॅड-ऑन दोन्ही फोल्डरांवर चालवलं आणि त्यानं 'ऑल मेल'मधली प्रत ट्रॅशमध्ये टाकली, तर तो एकमेव मेल गेला. त्यापेक्षा जीमेलच्या लेबल सेटिंगमधून 'ऑल मेल' आयमॅपमध्ये दाखवणंच बंद करा. 'सेंट'मध्ये दोन प्रती दिसत असतील, तर जीमेल स्वतः एक ठेवतं आणि थंडरबर्ड दुसरी. थंडरबर्डमधली खूण काढा.

मग घ्यायचं कोणतं?

माझं मत सरळ आहे. एकापेक्षा जास्त माणसं किंवा एकापेक्षा जास्त यंत्रं तीच पेटी बघत असतील, तर आयमॅप, पोर्ट (सेटिंगमध्ये भरायचा जोडणीचा क्रमांक) ९९३. वाचलेलं, उत्तर दिलेलं, फोल्डरात टाकलेलं सगळीकडं एकसारखं दिसतं. नेट मंद आहे म्हणून आयमॅप नको, हा युक्तिवाद आता टिकत नाही. फक्त अलीकडचेच मेल कॉम्प्युटरवर उतरवायचं सेटिंग आउटलुक आणि थंडरबर्ड दोन्हींत आहे. मात्र आयमॅपमध्ये एकानं पुसलं की सगळ्यांचं पुसलं जातं, हे ऑफिसात प्रत्येकाला सांगून ठेवा.

पॉप, पोर्ट ९९५, अजूनही एका जागी शोभतो: एकच कॉम्प्युटर, होस्टिंगवर जागा तोकडी, आणि मेल आपल्या डिस्कवरच हवेत असं मालकांचं म्हणणं. तिथं 'सर्व्हरवर प्रत ठेवा' चालू ठेवून १४ दिवसांनी काढा अशी मुदत द्या, आणि डेटा फाइलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. डिस्क गेली तर त्या १४ दिवसांपलीकडचं काहीच सर्व्हरवर नसतं.

पॉपवरून आयमॅपवर येताना क्रम चुकवू नका. आधी पीएसटी फाइलीचा (आउटलुक ज्यात उतरवलेले मेल साठवतं तिचा) बॅकअप. मग आयमॅप खातं शेजारी नव्यानं जोडा आणि पॉपचं आपोआप तपासणं थांबवा. वेबमेलमध्ये सर्वांत जुना मेल कोणत्या तारखेचा आहे ते बघा, आणि पीएसटीतले त्या तारखेआधीचेच मेल आयमॅपच्या फोल्डरात ओढा. अख्खा इनबॉक्स ओढला, तर सर्व्हरवर आहेत त्या मेलांच्या दुसऱ्या प्रती तुम्हीच चढवाल, आणि त्या मग प्रत्येकाच्या मोबाइलवरही दिसतील. ओढायचं काम रात्री लावा, थोड्या-थोड्या वर्षांचं. दोन्हीकडचे आकडे जुळल्यावरच पॉप खातं काढा. पीएसटी फाइल मात्र तशीच राहू द्या.