थकलेली छोटी उधारी कशी वसूल करावी

उधारीच्या वसुलीवर दोनच सल्ले मिळतात: ‘गोड बोला’ आणि ‘नोटीस पाठवा’. एकट्याने धंदा करणाऱ्याच्या दोन्ही फारसे कामाचे नाहीत. गोड बोलून ‘बघतो’ एवढंच हाती लागतं, आणि दीड-दोन हजारांसाठी नोटिशीचा खर्च परवडत नाही. बहुतेक छोटी उधारी मधल्या एका फोनवर सुटते किंवा कायमची अडकते.

आधी यादी. वहीतली येणी तीन गटांत लावा: मुदत उलटून ३० दिवसांच्या आतली, ३० ते ९० दिवसांची आणि त्याहून जुनी. सुरुवात पहिल्या गटापासून करा. सर्वांत जुनं येणं आधी धरायची सवय चुकीची आहे. तुम्ही त्याच्यामागे हेलपाटे घालता तोवर ताजी उधारीही शिळी होते.

मग बिल. तारीख, रक्कम, माल किंवा काम तपासा. नाव जरा जास्त नीट पाहा. प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाच्या, धंद्यात धंदा आणि मालक कायद्याने एकच असतात, म्हणून बिलावर दुकानाच्या नावाबरोबर तुमचं स्वतःचं नावही हवं. समोरचं नाव माणसाचं आहे की कंपनीचं, हेही आत्ताच बघा. कंपनीचं येणं सहसा तिच्या संचालकाच्या खिशातून मागता येत नाही.

बिलाची प्रत पुन्हा पाठवा. ‘बिल मिळालंच नाही’ हे कारण तिथेच संपतं. दोन दिवसांनी फोन करा.

फोन

पुष्कळांचा फोन पहिल्याच वाक्यात फसतो. ‘माफ करा, त्रास देतोय, पण ते जरा मागचं राहिलं होतं...’ यात ना बिल, ना रक्कम, आणि माफी मागतोय तो ज्याचे पैसे अडकलेत तो! असं बोला: ‘५ तारखेच्या बिलाचे १,८०० बाकी आहेत. बिलात काही चूक वाटते का?’

हा प्रश्न गाळू नका. खरी तक्रार असेल तर ती आत्ताच बाहेर येऊ दे, सहा महिन्यांनी नको. तक्रार ३०० पुरती असेल तर ३०० बाजूला ठेवा आणि उरलेले १,५०० आधी मागा. ३०० च्या वादापायी अख्खं बिल अडकवून ठेवायची युक्ती जुनी आहे. ‘बिल बरोबर आहे’ म्हणाले, तर रक्कम कबूल झाली.

आता ‘कधी देताय?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘लवकरच’ असतं. ‘कोणत्या तारखेला देताय?’ विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच जड जातं. चार-पाच सेकंदांची शांतता सोसत नाही आणि आपणच बोलून जातो: ‘तशी घाई नाही’, ‘निम्मे दिलेत तरी चालतील’. समोरच्याने तोंडही उघडलेलं नसतं, तोवर मुदत वाढलेली आणि रक्कम निम्मी झालेली. हप्त्यांचा विषय तुम्ही काढायचा नाही. स्वतःची अडचणही सांगायची नाही. ‘मलाही पुढे द्यायचेत’ म्हटलंत की समोरून त्याहून मोठी अडचण येते, मग तुम्हीच समजूत काढत बसता.

‘पुढच्या आठवड्यात’ ही तारीख नव्हे: ‘बुधवारी की शुक्रवारी?’ ‘पगार झाला की’ म्हणाले तर पगाराची तारीख विचारा. ‘माझे एकाकडून यायचेत’ हे सर्वांत घातक, कारण तुमची उधारी तिसऱ्याच माणसावर टांगली जाते. तिथे विचारायचं, ‘ते नाही आले, तर तुम्ही कोणत्या तारखेला द्याल?’

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत लेखी संदेश पाठवा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे ५ तारखेच्या बिलाचे १,८०० तुम्ही शुक्रवारी, १४ तारखेला खात्यात भरणार आहात. काही वेगळं असेल तर आजच कळवा.’ उत्तरात नुसतं ‘हो’ आलं तरी जपून ठेवा. येणं मागण्याची मुदत जागोजागी वेगळी आहे, पण अनेक देशांच्या कायद्यात देणेकऱ्याची लेखी कबुली किंवा अंशतः भरणा ही मुदत नव्याने सुरू करतो.

१४ ला संध्याकाळी खातं पाहा. जमा नसेल तर १५ ला सकाळी फोन. चार दिवस ‘बरं दिसत नाही’ म्हणून थांबलात, तर तुमच्या तारखेला किंमत नाही हे गिऱ्हाइकाला कळलं.

पैसे थोडे थोडे आले तर

हप्ते तीनपेक्षा जास्त नकोत, पहिला त्याच दिवशी. पावतीवर ‘६०० मिळाले, १,२०० बाकी’ असं स्पष्ट लिहा. कमी रकमेबरोबर ‘पूर्ण व अंतिम’ असा शेरा आला तर पैसे मुकाट्याने घेऊ नका, आधी लेखी हरकत कळवा. गिऱ्हाइकाने विशिष्ट बिलाचे म्हणून दिले नसतील, तर पैसे सर्वांत जुन्या बिलात जमा करा आणि तसं सांगा. नाहीतर नवी बिलं चुकती होत राहतात आणि जुनं तसंच कुजतं.

दोन तारखा चुकल्या की फोन बंद, शेवटचं पत्र. त्यात बिलं, एकूण बाकी, १४ दिवसांची मुदत आणि त्यानंतर तुम्ही खरोखर करणार असाल तेवढीच कारवाई. पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. शेजाऱ्यांना सांगणं, नाव चारचौघांत लावणं, रात्री दारात उभं राहणं, दिलेला माल परस्पर उचलून आणणं यातलं काहीही करू नका. येणं तुमचं असलं तरी खटला तुमच्यावर होऊ शकतो.

पुढे दावा करायचा का, हा हिशोबाचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी छोट्या रकमांसाठी साधी, वकिलाशिवाय चालणारी पद्धत असते. शुल्क आणि बुडणारे कामाचे दिवस यांची बेरीज बाकीहून जास्त येत असेल तर सोडा. मात्र काय सोडताय ते माहीत असू द्या: विक्रीवर २० टक्के नफा असेल तर १,८०० च्या मालात तुमचा खर्च १,४४० गेला, आणि तो भरून काढायला ७,२०० ची नवी विक्री लागते.

सोडलंत तर वहीत बुडीत म्हणून तारीख घालून नोंद करा. तेच गिऱ्हाईक पुन्हा माल मागायला आलं, तर आधी जुने १,८००, मग माल, आणि तोही रोखीने.