डोझरच्या फायनलमधनं ऑईल गळतंय? नवीन सील टाकायच्या आधी हे वाचा

रब्बीची ज्वारी निघाली की आपल्या सोलापूर भागात डोझरला दम खायला वेळ नसतो. मोहोळला जा नाहीतर मंगळवेढ्याला, सपाटीकरण, बांध, शेततळं चालूच. आणि मिरगाचा पाऊस झाला की काळ्या रानात मशीन घालायची सोयच राहत नाही, मग ती शेडात उभी राहते आणि स्प्रॉकेटखाली, म्हणजे चेन (ट्रॅक) फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चाकाखाली, काळा डाग दिसायला लागतो. सीझनमध्ये आपण काय करतो, सकाळी लिटरभर ऑईल ओतायचं आणि चल म्हणायचं. मी पण दोन वर्षं तेच केलं. पण मालक, जिथनं ऑईल बाहेर येतं तिथनंच माती आत जाते, आणि एकदा फायनलचे, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरबॉक्सचे (फायनल ड्राइव्ह), गिअर बेअरिंग खाल्ले की मग सीलच्या किमतीचं काय घेऊन बसलात. म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकून घ्या.

आधी गळतंय कुठनं ते बघा. मशीन प्रेशरनं धुवा, स्प्रॉकेटच्या मागची सगळी माती काढा, तासभर चालवा आणि मग बॅटरी घेऊन खाली वाका. स्प्रॉकेट आणि केसच्या फटीतनं येत असेल तर बाहेरचं मोठं सील गेलंय. पण लेव्हल कमी होते आणि बाहेर डागच नाही, असं असेल तर आतल्या पिनियन शाफ्टचं (फायनलमध्ये जोर आणणारा छोट्या गिअरचा दांडा) सील बघा. ज्या मशीनला स्टिअरिंग क्लच (वळायला एका बाजूच्या चेनचा जोर तोडणारे) कोरडे, म्हणजे बिनऑईलचे आहेत तिथं हे ऑईल क्लचच्या खणात उतरतं, मग लोड आला की त्या बाजूचा क्लच स्लिप होतो, ब्रेक पण नीट धरत नाही. खणाच्या खालचा प्लग उघडला की लगेच कळतं. ते काम वेगळं, इथं मी बाहेरच्या सीलचं सांगतोय. आणि हो, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) असेल तर तो मातीनं बुजलाय का आणि कुणी लेव्हलच्या वर ऑईल भरलंय का हे पण बघा, कधीकधी तेवढंच निघतं.

ऑईल काढताना नुसतं डब्यात सोडू नका. दुधासारखं निघालं तर पाणी गेलंय. बारीक काळा चिखल चुंबकावर असतोच, पण कपच्या निघाल्या तर सीलबरोबर बेअरिंग गिअर पण उघडून बघायची तयारी ठेवा.

मशीन सपाट पक्क्या जागेवर घ्या, ब्लेड जमिनीला टेकवा, ती बाजू जॅकनं उचलून खाली जाड लाकडी ठोकळे घाला, नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही. चेन ढिली करताना ग्रीसवाला अॅडजस्टर असेल तर व्हॉल्व्ह हळूच एक फेरा, त्याच्या वर सोडू नका आणि तोंड समोर नेऊ नका, आतलं ग्रीस गोळीसारखं येतं. मग मास्टर पिन (चेनचा जोड उघडायची पिन) काढून चेन उघडायची.

चेन उतरली की स्प्रॉकेटखाली पहार घालून वर उचलून बघा. हलतंय? मग थांबा. बेअरिंगला खेळ असताना नवीन सील टाकलं तर सील बिचारं स्प्रॉकेटबरोबर नाचणार आणि परत गळणार. आधी बेअरिंग.

बऱ्याच जुन्या मशीनला स्प्रॉकेट हबवर प्रेस करून बसवलेला असतो, तो घणानं निघत नाही, हायड्रॉलिक पुलरच (ओढून काढायचं जॅकसारखं टूल) लागतो. नट पूर्ण काढायचा नाही, काही आटे राहू द्यायचे, नाहीतर स्प्रॉकेट सुटताना उडतो. स्प्रॉकेट वरच्या चेन-पुलीला (वजन उचलायची साखळीची कप्पी) बांधूनच ठेवा. परत बसवताना प्रेस किती टनानं आणि नट किती टाईट, हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधनंच घ्या, अंदाजपंचे नको.

आता सील. आपले मिस्त्री सगळ्यालाच डुओकोन म्हणतात, ते खरं कॅटरपिलर कंपनीचं नाव, बाकीचे फ्लोटिंग सील म्हणतात. दोन लोखंडी रिंगा, दोन जाड रबरी रिंगा. लोखंड लोखंडावर फिरतं, रबर फक्त मागनं दाब देतं. जुनी रिंग उजेडात धरा, चकचकीत पट्टा दिसेल. नवीन असताना तो बाहेरच्या कडेला असतो, झिजत झिजत आतल्या कडेकडं सरकतो. पट्टा बाहेरच असून ओरखडे पडलेत म्हणजे सील झिजलं नाही, मारलं गेलंय. माझ्यात तर ठिबकची लॅटरल निघाली, स्प्रॉकेटमागं सुंभासारखी गुंडाळलेली. डाळिंबाची जुनी बाग काढताना हे हमखास होतं, उसाचं पाचट आणि मल्चिंग पेपर पण तसंच.

बसवताना सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय, सहज सरकावं म्हणून रबराला ग्रीस लावलं. दोन दिवसांत धार. रबर, रिंगची उतरती बाजू आणि केसमधली बैठक एकदम कोरडी पाहिजे, कारण रबरानं घट्ट धरलं तरच रिंग जागेवर राहते. तिथला गंज काढा, थिनरनं पुसून वाळू द्या, धागे सुटणारी चिंधी वापरू नका. रबराला पीळ पडला नाही ना बघा. रिंग सील बसवायच्या टूलनं सगळीकडनं सारखी दाबा, स्क्रूड्रायव्हरनं कोंबू नका, आणि बसल्यावर पट्टीनं चार ठिकाणी उंची मोजा, एका बाजूला वर असेल तर काढून परत. ऑईल फक्त लोखंडाच्या चकचकीत तोंडांना, तेही बोटानं पातळ. आणि जोडी कधी तोडायची नाही, एक जुनी एक नवी चालत नाही.

मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल लेव्हलपर्यंत भरा, चेन चढवायच्या आधी पहिल्या गिअरमध्ये पाच-दहा मिनिटं पुढं, तेवढंच मागं फिरवा. दुसरी बाजू जमिनीवर असते हे विसरू नका, ब्लेड टेकलेला आणि त्या जमिनीवरच्या बाजूचा स्टिअरिंग क्लच ओढून सुटा केलेला, ब्रेक दाबलेला पाहिजे, आसपास माणूस नको. जरासा ओलावा दिसला तर घाबरू नका, तो लावलेल्या ऑईलचा असतो, पुसून परत फिरवा. थेंब बनत असेल तर मात्र उघडा, वाईट वाटलं तरी. चेन अजून खाली आहे तोवर उघडलेलं परवडतं.