जॉयस्टिक सोडली तरी सर्वो थरथरतो? आधी मध्य मोजा

फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचा हात सर्वोने (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) हलवायचा होता. जॉयस्टिकला बोटही न लावता हात आपला डुलतोय! (पोरांना तेच जास्त आवडलं, तो भाग वेगळा.) आर्डुइनो उनो बोर्डावर (तिथे जॉयस्टिकचं रीडिंग 0 ते 1023) सगळे मध्य 512 धरतात, स्वस्त मॉड्यूल मात्र सोडल्यावर कधी 498 दाखवतं, कधी 530.

1. सेटअपमध्ये (कोडचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) दोन्ही अक्षांची 20-20 रीडिंग घ्या. सरासरी हाच तुमचा मध्य.
2. लूपमध्ये (कोडचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) प्रत्येक रीडिंगमधून तो वजा करा.
3. उत्तर उणे 25 ते अधिक 25 मध्ये आलं तर सरळ शून्य धरा. तरीही थरथरलं तर 40 करून बघा.
4. बटणाची पिन इनपुट पुलअपवर (म्हणजे न दाबता ती 1 वरच राहते) ठेवा, नाहीतर ते भूत लागल्यासारखं आपोआप दाबलं जातं. दाबल्यावर 0 मिळतो.

बोर्ड चालू होताना जॉयस्टिक धरू नका, मध्यच चुकेल.

उनोऐवजी ईएसपी32 बोर्ड वापरत असाल तर मॉड्यूलवर 5 व्होल्ट छापलेलं असलं तरी 3.3 व्होल्टच द्या, नाहीतर बोर्डाची पिन जळू शकते. तिथे रीडिंग 4095 पर्यंत जातं, म्हणून 25 च्या जागी 100.