लाजाळू नायिका आणि लॉर्डसाहेब: रिजन्सी प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

नायिका लंडनमधल्या एका बड्या घरच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला आली आहे. ड्यूक समोर येऊन किंचित झुकतो. ती मान खाली घालते आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागते. पायात रेशमी स्लिपर, खाली खडूने नक्षी काढलेली लाकडी जमीन, उकरणार काय? हा अंगठा आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमातून थेट १८१४ सालच्या लंडनला पोचलेला आहे.

मराठीत हल्ली ऑनलाइन कथामालिकांमधून इंग्रज उमरावांच्या प्रेमकथा बऱ्याच लिहिल्या जातात. काळ बहुतेक रिजन्सीचा, म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०: तिसरा जॉर्ज आजारी आणि त्याचा मुलगा, प्रिन्स रीजंट, राजाच्या जागी कारभार बघणारा. नायिका हटकून लाजाळू. त्यात वाईट काही नाही. पण अशा कथा मधेच का पडतात, हे पाहिलं तर बहुतेक वेळा कारण एकच सापडतं. लाज नायिकेच्या गालांवर राहते आणि समाजाचे नियम मागे पडद्यासारखे टांगलेले राहतात. दोघांची गाठच पडत नाही. खरं तर लाजाळू मुलीचं सगळं नशीब त्या नियमांवर हलायचं. काही नियम तिला कोंडीत पकडायचे, काही तिला आडोसा द्यायचे. कुठला नियम काय करतो हे लेखकाला ठाऊक नसेल, तर नायिका प्रत्येक प्रकरणात गुलाबी होते आणि कथा जागची हलत नाही.

चूक: लाज दिसते, पण तिच्यामुळे काही अडत नाही

इथे जरा थांबू, कारण निम्म्या कथा इथेच फसतात.

बॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गरगर फिरणारी जोडपी येतात. त्या काळचा मुख्य नाच मात्र कंट्री डान्स. पुरुषांची एक रांग, समोर बायकांची. वरचं जोडपं नाचत नाचत खाली सरकतं आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत उभे राहतात. दोन नाचांचा मिळून एक सेट, साधारण अर्ध्या तासाचा. त्यातला बराच वेळ नुसता उभं राहण्यात जायचा आणि त्या वेळात जोडीदाराशी बोलणं भागच होतं. गप्प राहणारी मुलगी एक तर गर्विष्ठ ठरायची, नाही तर मठ्ठ. आई भिंतीपाशी खुर्चीत, मैत्रीण चार जोडप्यांपलीकडे, आणि हा समोर हातभर अंतरावर. पळायला जागा नाही. लाजाळू नायिकेसाठी याहून चांगली कोंडी लेखकाला शोधूनही मिळायची नाही, आणि आपण ती सोडून तिला वॉल्ट्झमध्ये, म्हणजे त्या गरगर फिरणाऱ्या जोडीनाचात फिरवत बसतो!

असं काही करून बघा. झुंबरातलं मेण नाचणाऱ्यांच्या कपड्यांवर ठिबकायचं, हे खरं आहे. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही, म्हणून बाहीकडे बघते.

"तुमच्या बाहीवर मेण पडलंय."

"अरे! केव्हा पडलं?"

"मघाशी. पहिल्या नाचाच्या वेळी."

पहिला नाच तो दुसऱ्याच मुलीबरोबर नाचला होता. म्हणजे तेव्हापासून ही त्याच्याकडे बघते आहे. हे त्याच्या लक्षात येतं, आणि त्याच्या लक्षात आलंय हे तिच्या. 'लाजली' हा शब्द लिहायची गरज उरली का?

याच नाचाचे आणखी दोन नियम हाताशी ठेवा. एकाला नकार दिला, तर त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबर नाचणं शिष्टाचारात बसत नसे. म्हणजे नकोशा माणसाला 'नाही' म्हणण्याची किंमत नायिकेला हव्याशा माणसाबरोबरचा नाच गमावून मोजावी लागते. आणि एकाच पुरुषाबरोबर दोनपेक्षा जास्त सेट झाले, की पंख्यांआड कुजबुज सुरू. दुसऱ्यांदा विचारणं हीच अर्धी मागणी.

वॉल्ट्झ हवाच असेल तर साल सांभाळा. लंडनच्या उच्चभ्रू बॉलमध्ये तो १८१३-१४ च्या सुमारास रुळू लागला, आणि १८१६ च्या जुलैत प्रिन्स रीजंटच्या बॉलमध्ये तो नाचला गेला तेव्हा 'द टाइम्स'ने त्यावर आगपाखड केली होती. १८११ सालच्या कथेत सगळा हॉल वॉल्ट्झ करत असेल तर जाणकार वाचक तिथेच उठून जाईल.

किंग स्ट्रीटवरचं ॲल्मॅक्सही असंच चुकीचं रंगवलं जातं. १७६५ मध्ये सुरू झालेल्या या जागी हंगामात दर बुधवारी बॉल व्हायचा. कुणाला प्रवेश द्यायचा हे काही बड्या बायकांची समिती ठरवायची. पैसा असूनही व्हाउचर, म्हणजे प्रवेशाचा परवाना, नाकारलं गेलेले कितीतरी. आणि खायला काय? पातळ कापलेला पाव-लोणी, चहा, लेमोनेड. नायकाने तिथे नायिकेच्या हाती शॅम्पेनचा पेला दिला की समजावं, लेखक आत गेलेलाच नाही.

चूक: तिसऱ्याच प्रकरणात अंधारी बाग

पाठराखीण बाई कुठे गेली, हे कुणीच सांगत नाही. अविवाहित मुलगी परक्या पुरुषाबरोबर बंद खोलीत किंवा अंधाऱ्या गच्चीत सापडली तर परिणाम दोनच: तातडीने लग्न, नाही तर कायमची बदनामी. हे ठाऊक असूनही जो नायक तिला तीन-तीनदा बागेत ओढून नेतो, तो प्रेमिक नव्हे, बेजबाबदार माणूस आहे. आणि लाजाळू मुलगी मुकाट्याने मागे जाते, हे तर पटतच नाही.

उपाय सोपा आहे. सगळ्यांच्या देखत मिळणारा एकांत शोधा. संध्याकाळी पाचच्या सुमारास हाइड पार्कात उघड्या गाडीतून फेरी, मागे साईस बसलेला. सकाळची भेट, ती मात्र पंधरा मिनिटांची. माझी आवडती जागा पियानोची. लाजाळू मुलगी वाजवायला बसते, कारण वाजवणारीला कुणी नाचायला बोलवत नाही. हा तिचा आडोसा. आता तो पानं उलटायला शेजारी येऊन उभा राहतो. त्याला स्वरलिपी वाचता येत नसेल तर कधी उलटायचं हे तिला मानेने सांगावं लागणार. सगळी खोली बघतेय आणि कुणालाच काही आक्षेप नाही.

चूक: पत्रांचा पाऊस

साखरपुडा झाल्याशिवाय तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्रं लिहायची नाहीत. असा पत्रव्यवहार उघड झाला, की लोक दोघांचं ठरलंच असं धरून चालायचे. शिवाय १८४० मध्ये पेनी पोस्ट येईपर्यंत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर हिशेब करून. वेगळं पाकीट म्हणजे जादा कागद, म्हणून पत्राचाच कागद दुमडून त्यावर लाख लावत. नायिकेला चोरून पत्र आलं, तर दारात पैसे कोण देणार? बटलर. आणि खर्चाच्या वहीत कोण बघणार? वडील. लॉर्डांची पत्रं फुकट जायची खरी, पण त्यासाठी त्यांना पत्राच्या बाहेरच्या बाजूला स्वतःची सही करावी लागे, म्हणजे सगळ्या घराला प्रेषक कळला! या अडचणी टाळू नका, त्यांच्यावरच कथानक उभं राहतं.

मग निरोप जायचे कसे? विवाहित मैत्रिणीमार्फत. याचं एक खरं उदाहरण आहे, आणि त्याचा धागा आपल्या मातीपर्यंत येतो.

कॅथरीन पॅकनहॅम, घरची किटी, आयर्लंडमधल्या लॉर्ड लाँगफर्डच्या घराण्यातली. १७९३ च्या सुमारास आर्थर वेलस्ली नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने तिला मागणी घातली. धाकटा मुलगा, हातात पैसा नाही. तिच्या भावाने नकार दिला. जाताना आर्थरने तिला लिहिलं, की परिस्थिती बदलली तरी माझं मन बदलणार नाही. मग तो हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असई, अडगाव आणि गाविलगड इथे मराठ्यांविरुद्ध लढला आणि १८०५ मध्ये नाव, 'सर' ही पदवी आणि चाळीस हजार पौंडांहून जास्त पुंजी घेऊन परतला. मधल्या काळात किटीची एक सोयरीक मोडली होती, तिशी उलटली होती, तब्येत उतरली होती, मुळातला बुजरेपणा वाढला होता. लेडी ऑलिव्हिया स्पॅरो या मैत्रिणीने मधे पडून दोघांचे निरोप पोचवले. आपण आता पूर्वीसारख्या राहिलो नाही, ही शंका किटीने बोलूनही दाखवली. तरी त्याने तिला पुन्हा न बघताच मागणी घातली, आणि १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये लग्न झालं. लग्नाच्या वेळी तिला बघून तो आपल्या भावाच्या कानात 'ही तर कुरूप झाली' अशा अर्थाचं काहीतरी बोलला, असं सांगतात. संसार सुखाचा झाला नाही. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, ती डचेस झाली. लाज तशीच राहिली.

'तो दूरदेशी गेला, ती वाट बघत राहिली, तो श्रीमंत होऊन परतला' हे कथानक आपण डोळे झाकून वापरतो. किटीची हकिकत वाचल्यावर एक जागा तरी रिकामी सोडू नका: दहा-बारा वर्षांनी दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात ती. त्याला दिलेल्या शब्दाने बांधून घातलंय आणि तिला स्वतःच्या संकोचाने. विचारायचं ते कुणीच विचारत नाही. सुखान्त करायचा असेल तरी हा प्रसंग लिहाच.

उलट उदाहरणही १७९३ चंच. फॅनी बर्नी ही कादंबरीकार विलक्षण बुजरी. चाळिशी ओलांडलेली, राणी शार्लटच्या नोकरीतून मोकळी झालेली, वर्षाला शंभर पौंड पेन्शन. सरेमधल्या ज्युनिपर हॉलमध्ये फ्रान्समधून परागंदा झालेली मंडळी राहत होती, त्यात जनरल दार्ब्ले. दोघांनी एकमेकांची भाषा शिकायला घेतली. हिने फ्रेंचमध्ये लिहायचं, त्याने इंग्रजीत, आणि एकमेकांच्या चुका दुरुस्त करायच्या. वडिलांची नाराजी असूनही जुलैअखेर लग्न झालं, आणि हा संसार टिकला. बुजऱ्या नायिकेला बोलतं करायचं असेल तर तिला आधी हाताला काम द्या.

चूक: कुणालाही 'लेडी' म्हणणं

वाचक सर्वांत आधी हीच पकडतात. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या मुलींना 'लेडी' आणि पुढे पाळण्यातलं नाव. व्हायकाउंट आणि बॅरन यांच्या मुली साध्या 'मिस'. किटीचे वडील बॅरन होते, म्हणून ती मिस पॅकनहॅम. पुढे भाऊ अर्ल झाला तरी बहिणीची 'लेडी' झाली नाही. लग्नानंतर मात्र ती लेडी वेलस्ली, कारण नवरा 'सर' होता. तेव्हा नवऱ्याचं आडनाव येतं, पाळण्यातलं नाव नाही. 'सर'चं उलटं: नेहमी नावापुढे, नुसत्या आडनावापुढे कधीच नाही. आपण सर जमशेटजी म्हणतो ना, तसं. ड्यूकला 'माय लॉर्ड' नव्हे, 'युवर ग्रेस'. आणि कृपा करून प्रत्येक नायकाला ड्यूक करू नका. खरे ड्यूक मूठभर होते आणि त्यातले बरेच म्हातारे.

संवादात दोघांना शेवटपर्यंत 'तुम्ही'वरच ठेवलंत तरी बिघडत नाही. 'तू' आलाच तर एकदाच यावा आणि तो तिच्या तोंडून यावा. बुजरी मुलगी ही पायरी ओलांडते तेव्हा वाचक पान परत वाचतो.

किरकोळ, पण खटकणाऱ्या

पंख्याची सांकेतिक भाषा: तिची यादी नंतरच्या व्हिक्टोरियन काळातल्या पंखेवाल्यांच्या जाहिरातीमुळे गाजली. रिजन्सीतल्या नायिकेने पंखा वारा घ्यायला आणि तोंड लपवायला वापरावा. कुठला नाच कुणाबरोबर हे टिपायचं, मनगटाला बांधलेलं डान्स कार्डही मुख्यतः नंतरचंच. घागरा फुगवणारं क्रिनोलिन १८५० च्या दशकातलं. रिजन्सीत कंबर छातीखाली आणि घागरा सरळ. अपवाद फक्त दरबारात राणीपुढे जाताना: तिथे १८२० पर्यंत जुन्या पद्धतीचा हूप, म्हणजे घागरा फुगवणारा कड्यांचा सांगाडा, घालावा लागे, वर शहामृगाची पिसं. छातीखाली कंबर आणि त्याखाली हूप! बिचाऱ्या लाजाळू मुलीला याहून मोठी शिक्षा नाही, आणि हा प्रसंग कुणी लिहीत नाही याचं मला नवल वाटतं.

पैशाचं बोलणं टाळू नका. होकार मिळाला की वकील आलेच: विधवा झाली तर वर्षाला किती, हातखर्चाला किती, धाकट्या मुलांना किती. लग्नानंतर तिची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची व्हायची. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तेव्हा वकिलांनी केलेला तो लग्नाआधीचा करार हेच तिचं संरक्षण.

आणि शेवटी लग्न. आपल्या लेखकांना गोरज मुहूर्त सुटत नाही; संधिप्रकाश, मेणबत्त्या, अंगणात मांडव. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लागू झालेल्या कायद्याने लग्न चर्चमध्ये, आणि रीतीप्रमाणे सकाळी आठ ते दुपारी बारा. लग्नाचं लायसन्स, म्हणजे चर्चचा परवाना, नसेल तर तीन रविवार चर्चमध्ये नावं मोठ्याने पुकारली जायची. अख्ख्या गावापुढे स्वतःचं नाव ऐकत बाकावर बसलेली नायिका डोळ्यांपुढे आणा. एकविसाच्या आत असेल तर लायसन्सला वडिलांची संमती हवी, नाही तर गाडी सीमेपलीकडे स्कॉटलंडात ग्रेटना ग्रीनला पळवावी लागते. संध्याकाळचं, घरातल्या दिवाणखान्यातलं लग्न हवंच असेल, तर लॉर्डसाहेबांना आधी कँटरबरीच्या आर्चबिशपकडे स्पेशल लायसन्स आणायला पाठवा. मधल्या दिवसांत नायिकेला विचार बदलायला वेळही मिळेल.