जुन्या पेट्रोल ट्रकला हेडर कसा बसवावा, आणि तो रस्त्यावर उघडा का ठेवू नये

मुंबईत जुन्या पेट्रोल मालवाहू गाड्यांची परंपरा मोठी आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 मध्ये सुरू झाला, माझगावला 1947 पासून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. त्यांपैकी जी वाहने अजून धावती आहेत, त्यांच्या मालकांना केव्हा ना केव्हा मूळ बिडाचा मॅनिफोल्ड (सर्व सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) काढून त्याजागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला हेडर बसवावासा वाटतो, आणि हेडर बसला की सायलेन्सर न जोडता त्याचे तोंड तसेच मोकळे ठेवण्याचा मोह होतो. हेडर बसवणे हे विचारपूर्वक केले तर चांगले काम आहे. तोंड मोकळे ठेवल्याने मात्र रस्त्यावरच्या गाडीला आवाजाखेरीज जवळजवळ काहीच मिळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच पुढील पायऱ्या मांडल्या आहेत. ज्यांच्या गाडीत आता डिझेल इंजिन बसवलेले आहे, त्यांनी हा खर्च करू नये.

आधी कागद पाहावेत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 120 नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार ध्वनी आणि वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्र ठरवले जाते. गाडी जुनी असल्याने यात सवलत मिळत नाही. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि 2021 च्या नियमांखाली तिची व्हिंटेज नोंदणी करण्याचा विचार असेल, तर आणखी सावध राहावे, कारण त्या नोंदणीसाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि इंजिनातील ठळक फेरफार आड येऊ शकतात. म्हणून काढलेला मूळ मॅनिफोल्ड, त्याचे स्टड आणि हीट शील्ड भंगारात न घालता तेल लावून जपून ठेवावेत.

त्यानंतर इंजिनाची प्रकृती तपासावी. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर हेडरचे पैसे आधी व्हॉल्व्ह आणि रिंगांवर खर्च करावेत. टॅपेटचे (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचे) अंतर गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावे.

हेडर काम कसे करतो हे समजले तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून पुढे जाते, आणि जिथे नळी एकदम रुंद होते, म्हणजे सर्व नळ्या एकत्र मिळतात त्या कलेक्टरपाशी, तिथून ती उलट फिरून कमी दाबाची लाट म्हणून मागे येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात त्या क्षणी ही परतलेली लाट व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर ती उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. लाट योग्य वेळी परतावी यासाठी नळीची लांबी इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळावी लागते. पहिल्या अंदाजासाठी प्रचलित सूत्र असे: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचण्यापूर्वी जितके अंश आधी उघडतो त्यात 180 मिळवावेत, बेरजेला 850 ने गुणावे, हव्या त्या आरपीएमने (मिनिटाला फेऱ्यांनी) भागावे आणि उत्तरातून 3 वजा करावेत, येणारा आकडा इंचांत असतो. व्हॉल्व्ह 50 अंश आधी उघडत असेल आणि ओढ 3500 आरपीएमला हवी असेल, तर लांबी सुमारे 53 इंच येते. तेच गणित 6000 आरपीएमसाठी केले तर ती साडेएकोणतीस इंचांच्या आसपास उतरते. बाजारात मिळणारे आखूड नळ्यांचे तयार हेडर या दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांना शोभतात, आणि जुन्या ट्रकचे इंजिन सहसा त्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

चार सिलिंडरच्या ट्रकसाठी मी चार नळ्यांच्या दोन आणि दोनची एक अशी जोडणी पसंत करतो. खालच्या आणि मधल्या फेऱ्यांची ओढ तिच्यात चांगली मिळते आणि घाटकोपर ते ठाणे रांगेत सरकणाऱ्या गाडीला तीच लागते. जोड्या फायरिंग क्रमाप्रमाणे (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाप्रमाणे) कराव्यात: क्रम 1-3-4-2 असेल तर पहिला आणि चौथा सिलिंडर एकत्र, दुसरा आणि तिसरा एकत्र. सव्वादोन लिटरच्या आसपासच्या इंजिनाला दीड इंच बाहेरील व्यासाची नळी पुरते. त्याहून जाड नळी घेतली की वायूचा वेग पडतो आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमधली ओढ जाते.

परदेशातून मागवलेल्या हेडरबाबत एक अडचण हमखास येते. अमेरिकी ट्रकचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि आपले उजवीकडे, त्यामुळे नळ्यांच्या वाटेत स्टिअरिंग बॉक्स, क्लचचा दांडा किंवा ब्रेकची नळी येऊ शकते. म्हणून शक्य असल्यास नळ्या गाडीवर मापून येथेच घडवून घ्याव्यात. पाईप आणि बेंड कुंभारवाड्याच्या बाजारात आणि नट, स्टड व क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. नळीच्या पत्र्याची जाडी 1.6 मिलिमीटर आणि फ्लँजची, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने जोडणारी, पट्टी 8 ते 10 मिलिमीटर जाड असावी. फ्लँजचे भोक पोर्टपेक्षा (इंजिनातील धूर बाहेर पडण्याच्या भोकापेक्षा) किंचित मोठे असावे; लहान राहिले तर त्याची कड वायूच्या वाटेत येते. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या ब्लॉकवर किंवा जाड पाट्यावर बोल्टने आवळून ठेवावा, अन्यथा उष्णतेने तो केळ्यासारखा वाकतो, आणि काम संपल्यावर त्याचे तोंड सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्यावे. या शेवटच्या कामाला मिस्त्री बहुधा कंटाळतात, पण पुढे वर्षभर गॅस्केट उडत राहण्याचे कारण बव्हंशी हेच असते.

धातूचा प्रश्न मुंबईच्या हवेत महत्त्वाचा ठरतो. साधे पोलाद खाऱ्या दमट हवेत लवकर गंजते. स्टेनलेस 304 टिकते, पण तापल्यावर ते साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे लांब नळ्यांच्या जोडणीत थोडी सवड ठेवावी लागते. उष्णता अडवण्यासाठी हेडरला गुंडाळायची पट्टी मी मुंबईत सुचवणार नाही. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाची नळी तिच्याखाली न दिसता कुजते. सिरॅमिक लेप महाग असला तरी अधिक बरा, आणि स्टार्टर, पेट्रोलची नळी व मेकॅनिकल पंप यांच्यासमोर पत्र्याचे हीट शील्ड लावणे सर्वांत स्वस्त. पंप तापला की मे महिन्याच्या दुपारी पेट्रोलची वाफ होऊन गाडी सिग्नलला बंद पडते आणि दोष उगाच कार्बोरेटरला दिला जातो. प्रत्यक्ष बसवताना प्रत्येक नळी ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून किमान दोन बोटे दूर राहील असे पाहावे. मग इंजिन रबरी माउंटिंगवर दोन्ही बाजूंना हलवून पुन्हा तपासावे, कारण उभ्या गाडीत मोकळी दिसणारी जागा क्लच सोडताच संपते.

आता कलेक्टरच्या पुढचा भाग. उघडे तोंड ठेवणाऱ्यांचा समज असा की सायलेन्सर म्हणजे केवळ अडथळा. प्रत्यक्षात कलेक्टरनंतरची नळीसुद्धा लाटांच्या त्याच हिशेबात भाग घेते, आणि ती कापून टाकली तर मधल्या फेऱ्यांची ओढ बहुधा घटते. आवाज वाढल्याने गाडी जोरात गेल्यासारखी वाटते, घड्याळ लावले की फरक उलटा निघू शकतो. म्हणून कलेक्टरनंतर त्याच व्यासाची दीड ते दोन फूट सरळ नळी ठेवावी, मग लवचीक जोड आणि त्यापुढे छिद्रांच्या सरळ नळीभोवती काचलोकर भरलेला मोठ्या आकाराचा सायलेन्सर लावावा. वायू त्यातून जवळजवळ सरळ जातो, म्हणून अडथळा थोडा होतो. आवाज शोषण्यासाठी मात्र आकार मोठा लागतो, आणि ट्रकखाली जागेची टंचाई नसते. सव्वादोन लिटरच्या इंजिनाला पुढे दोन इंची पाईप पुरतो. शेपटीचा पाईप बॉडीच्या मागे बाहेर काढावा. तोंड खाली किंवा डावीकडे वळवणे नियमात बसत नाही आणि हा नियम शहाणपणाचाही आहे, कारण आपल्याकडे पदपथ आणि बसथांबे डावीकडे असतात.

उघड्या हेडरचा खरा धोका आवाजाच्याही पुढचा आहे. त्याचा धूर ड्रायव्हरच्या पायांखालीच सुटतो. जुन्या गाडीच्या फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीत) पेडल, केबल आणि गंजाची भोके असतात, आणि गाडी रांगेत थांबली की धूर त्यांतून वर येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. डोके जड होऊ लागते तोवर पुरेसा वायू रक्तात मिसळलेला असतो. बोगद्यात किंवा सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये हा धोका कित्येक पटींनी वाढतो. सायलेन्सर जोडलेला असला तरी फायरवॉलची सर्व भोके रबरी ग्रोमेट आणि उष्णतारोधक पुट्टीने बुजवावीत, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म डॅशबोर्डवर ठेवावा.

हेडर बसल्यावर कार्बोरेटर पुन्हा लावल्याशिवाय गाडी पळवू नये. एक्झॉस्टचा विरोध नसला की व्हॉल्व्ह जळतात, असे गॅरेजांत सर्रास सांगितले जाते. निरीक्षण खरे असले तरी कारण वेगळे आहे. हेडरमुळे इंजिन अधिक हवा घेते, जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) मात्र जुनाच राहतो. मिश्रण पातळ होते, तापमान चढते आणि त्याने व्हॉल्व्ह जळतात. त्यात आता पंपावर मिळणारे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण आधीच पातळ झालेले असते, म्हणजे दोन कारणे एकाच दिशेने ढकलतात. याच निमित्ताने जुन्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी बदलून घ्याव्यात. गरम हेडरशेजारी पाझरणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

कलेक्टरवर लॅम्डा सेन्सरसाठी (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणासाठी) आट्यांचे बूच वेल्ड करून घ्यावे. ते नळीच्या वरच्या अर्ध्या भागात असावे, म्हणजे साचलेले पाणी सेन्सरवर पडत नाही. मोजमाप हवा-इंधन गुणोत्तरात न वाचता लॅम्डात (1 म्हणजे नेमके मिश्रण, 1 पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) वाचावे, कारण इथेनॉलच्या प्रमाणानुसार गुणोत्तर बदलते, लॅम्डा बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलला 0.85 ते 0.90 आणि स्थिर वेगात 1 च्या आसपास, हे लक्ष्य ठेवावे. मुख्य जेट एका वेळी एकच पायरी वाढवावा आणि प्रत्येक बदलानंतर प्लगचा रंग पाहावा. सेन्सरच्या आधी कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण आहे त्याहून पातळ दिसते. थ्रॉटल सोडताच फटाके वाजणे ही त्याच गळतीची खूण असते. शेवटी आयडलिंग लावून पीयूसी करावी. भारत स्टेज 2 च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे, आणि नीट लावलेले जुने इंजिन तीत बसते.

कलेक्टर आणि पुढील पाईप यांचा जोड व्ही-बँड क्लॅम्पचा (एका बोल्टने आवळला जाणाऱ्या पट्ट्याचा) केला, तर सायलेन्सर काही मिनिटांत सुटतो आणि बंद मैदानावर किंवा परवानगी घेतलेल्या ड्रॅग शर्यतीत उघड्या तोंडाची हौस भागवता येते. तिथपर्यंत गाडी सायलेन्सर जोडूनच न्यावी. केबलने उघडणारा कटआउट, म्हणजे धूर सायलेन्सरच्या आधीच बाहेर सोडणारी झडप, मी सुचवणार नाही. तो उघडला की गाडी सायलेन्सरशिवाय चाललेली असते, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटरचे शांतता क्षेत्र धरले तर परळसारख्या भागात तो उघडायला जागाच उरत नाही. मोकळ्या जागी उभ्या गाडीवर चाचणी घ्यायची असल्यास कानांवर इअरमफ घालावेत, गाडीखाली वाळके गवत नाही हे पाहावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात तापलेला हेडर घालू नये, कारण एकदम थंड झाल्याने वेल्डला तडे जातात. उघडा हेडर असताना पाण्यात इंजिन बंद पडले, तर आखूड नळीतून पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. तशी वेळ आली तर स्टार्टर न मारता आधी सर्व प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे.

पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हेडरचे सर्व नट मधून टोकांकडे या क्रमाने पुन्हा आवळावेत. तेच दुसऱ्या व तिसऱ्या फेरीनंतर करावे, आणि त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी. स्टडवर तांब्याचे अँटिसीझ (आटे अडकू न देणारे वंगण) लावलेले असेल तर पुढच्या वेळी ते ब्लॉकमध्ये तुटत नाहीत.