‘चालून नाही राहिलं’ म्हणजे नेमकं काय? हेल्प डेस्कवर तिकीट टाकताना या चुका टाळा

विषय: हेल्प. मजकूर: ‘सर, कोड चालून नाही राहिला. अर्जंट.’ वेळ रात्री ११:४०. सोबत मोबाइलने काढलेला लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो. त्यात ट्यूबलाइट स्वच्छ दिसते, एरर मात्र तिच्या उजेडात बुडालेला. (मी मॅडम आहे. तिकिटांत सगळे सरच असतात.)

नागपुरात कोडिंग शिकणाऱ्या पोरांची तिकिटं, म्हणजे मदतीसाठी टाकलेल्या तक्रारी, मी रोज बघते. उत्तर शोधायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो ‘काय चालून नाही राहिलं?’ हे विचारण्यात. मी सकाळी विचारते, पोरगा कॉलेज आटोपून संध्याकाळी उत्तर देतो, तोवर मी घरी निघालेली असते. दहा मिनिटांचं काम दोन दिवस रेंगाळतं.

विषयापासूनच सुरुवात करू. आम्हाला यादीत आधी विषयच दिसतो. ‘हेल्प’, ‘एरर’, ‘प्लीज चेक’ अशी ओळीने सात तिकिटं असली की कोणतं आधी उघडायचं ते कळत नाही. ‘पांडास इन्स्टॉल आहे, तरी इम्पोर्ट होत नाही, विंडोज ११’ (पांडास हे पायथन भाषेत डेटा हाताळायचं तयार पॅकेज) एवढं लिहिलं, तर मी तिकीट उघडायच्या आधीच अर्धं उत्तर तयार असतं.

फोटो नको, मजकूर पेस्ट करा. फोटोतला एरर मला कॉपी करता येत नाही, शोधताही येत नाही. आणि पूर्ण पेस्ट करा. पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर) खालून वर वाचायचा असतो: शेवटच्या ओळीत चूक काय ती, तिच्या वर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. पोरं नेमकी पहिली ओळ पाठवतात, जी प्रत्येक ट्रेसबॅकला सारखीच असते. बिलावरचं दुकानाचं नाव ठेवून रक्कम फाडून टाकावी, तसं. वेबपेज कोरं दिसत असेल तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोलमधली, म्हणजे चुका दाखवणाऱ्या भागातली, लाल ओळ द्या.

‘मॅडम, इथे बघा’ म्हणून लोकलहोस्ट:३००० ची लिंक पाठवू नका. लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवर लिंक उघडली तेच मशीन, आणि ३००० हा त्यावरचा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक. एकदा माझ्याकडेही ३००० वर एक प्रोजेक्ट चालू होता. मी पाच मिनिटं माझंच पान निरखलं आणि उत्तर लिहिलं, ‘लॉगिन तर दिसतंय की!’

‘पिप इन्स्टॉल केलं, तरी नो मॉड्यूल’ हे तिकीट प्रत्येक बॅचला येतं. (पिप म्हणजे पायथनमध्ये पॅकेज टाकणारा प्रोग्राम, ‘नो मॉड्यूल’ म्हणजे पॅकेज सापडलं नाही.) बहुतेकदा मशीनवर दोन पायथन असतात. पिपने एकात टाकलं आणि कोड चालला दुसऱ्यावर. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘व्हेअर पायथन’ दिलं की दोन-तीन पत्ते दिसतात. पण व्हीएस कोड या एडिटरच्या टर्मिनलमध्ये पॉवरशेल (विंडोजचा दुसरा कमांड-प्रोग्राम) असेल तर नुसत्या ‘व्हेअर’ने काहीच छापलं जात नाही, तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ लिहावं लागतं. आलेले पत्ते तिकिटात द्या. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असं चालवलं तर ज्या पायथनने कमांड चालली त्यातच पॅकेज जातं.

आता ‘कधी चालते, कधी नाही’. हे वाक्य वाचून चिडू नये हे मला एका पोरीने शिकवलं. ती नाश्त्याचा मेनू टेक्स्ट फाइलमधून वाचून छापत होती. फाइलीत ‘पोहे’ असलं की स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं यायची, ‘तर्री पोहे’ लिहिलं की थेट युनिकोडडीकोडएरर. तिने दोन्ही फाइली जोडल्या होत्या, म्हणून सापडलं. फाइल होती यूटीएफ-८, आणि तिच्या विंडोजवरचं पायथन ती सीपी१२५२ समजून उघडत होतं. (दोन्ही अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे आकड्यांत, साठवायच्या पद्धती.) ‘पोहे’तल्या सगळ्या बाइटना सीपी१२५२ च्या तक्त्यात काही ना काही अक्षर आहे, चुकीचं का होईना. ‘तर्री’तल्या पायमोडक्या र च्या हलन्ताचा शेवटचा बाइट मात्र ८डी, आणि त्याला तिथे जागाच नाही. फाइल उघडणाऱ्या ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं आणि तर्री आली. तिने नुसतं ‘कधी कधी’ लिहिलं असतं, तर मी लॅपटॉप बदल म्हणाले असते. म्हणून डेटा जोडा. कोणत्या डेटावर चालतं तेही सांगा, हे सहसा कोणी सांगत नाही.

पासवर्ड किंवा एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) तिकिटात पेस्ट झाली, तर मजकूर खोडून भागत नाही, नोटिफिकेशनचा ईमेल केव्हाच गेलेला असतो. की बदलाच. कोडचे जुने बदल जपणाऱ्या गिटचंही तसंच, फाइल काढली तरी इतिहासात राहते. गिटचा कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहबने पुश करताना, म्हणजे कोड वर चढवताना, खात्याचा पासवर्ड घेणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलंय, त्याऐवजी टोकन किंवा एसएसएच की (गुप्त किल्लीची फाइल) लागते. ‘पासवर्ड बरोबर आहे मॅडम, आईशप्पथ’ असं लिहू नका, तो बरोबरच असतो.

आणि दर तासाला ‘मॅडम प्लीज’ टाकू नका. आमच्या अ‍ॅपमध्ये रांग शेवटच्या हालचालीवर लागते, जुनं आधी. तुमच्या प्रत्येक ‘प्लीज’ने तुमचं तिकीट शेवटी जातं. सगळंच ‘अर्जंट’ असलं की ते बटण आम्ही बघेनासे होतो, हाही आमचा दोष धरा.

सुटलं तर कसं सुटलं तेही लिहा. ११:४० वाल्याने सकाळी ‘झालं’ एवढंच लिहून तिकीट बंद केलं. मी विचारलं, कसं? ‘माहीत नाही, रीस्टार्ट मारला.’ म्हणजे जुना सर्व्हर ३००० चा पोर्ट अडवून बसला असणार. टर्मिनलची खिडकी बदलण्याआधी कंट्रोल-सी दाबून सर्व्हर थांबव, असं मी लिहिलं, पण बंद तिकीट कोण उघडतं? तीन दिवसांनी, रात्री ११:५२, नवं तिकीट. विषय: हेल्प.