गोंगाटात बोललेलं समोरच्याला नीट कळावं म्हणून काय करावं?

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना "जरा मोठ्याने बोला" हा सल्ला हमखास मिळतो. मागे गोंगाट असेल तर एवढ्याने भागत नाही.

पंखा, टीव्ही, नळ, मिक्सर, जे बंद होईल ते आधी बंद करा. विशेषतः टीव्हीवरची चर्चा. मागे माणसं बोलत असली की नुसत्या घरघरीपेक्षा जास्त त्रास होतो, कारण लक्ष त्या शब्दांकडेही ओढलं जातं.

मग जागा. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही आणि गोंगाट एकाच दिशेला असाल तर उठून दुसरीकडे बसा. दोन कानांमुळे मेंदूला वेगवेगळ्या दिशांचे आवाज निवडता येतात. सगळं एकाच बाजूने आलं की ती मदत जाते. एक कान चांगला असेल तर तो तुमच्याकडे यायला हवा. चेहऱ्यावर उजेड पडू द्या, तोंडासमोर हात नको.

आता आवाज. मला हीच पायरी सगळ्यात जड गेली, म्हणून सविस्तर सांगते.

नळ जोरात सोडा, त्याच्याशेजारी कुणालातरी उभं करा आणि चार पावलांवरून हात, सात, पात, खात हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा. मधला 'आ' त्याला ऐकू येईल, पण पहिलं अक्षर कोणतं ते सांगताना तो अडखळेल. स्वरांमध्ये जोर असतो. स, त, फ यांसारखी व्यंजनं मुळातच क्षीण आणि क्षणभराची, त्यामुळे गोंगाट आधी त्यांना झाकतो. जाड, घुमणारा आवाज फार मोठा झाला तर त्याहून उंच पट्टीच्या बारीक आवाजांनाही गिळतो. म्हणूनच "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. तिला हट्टीपणा म्हणू नका.

ओरडल्यावर जोर वाढतो तो मुख्यतः स्वरांचा. व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय श्रवणदोष असलेल्या अनेकांना मोठा आवाज लगेच टोचतो. तरीही आपण ओरडतोच, कारण गोंगाटात आवाज आपोआप चढतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ साली याची नोंद केली, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. तेव्हा आवाज जाणीवपूर्वक आवरा.

त्याऐवजी जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि गोंगाट तेवढाच राहतो. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलात तर १२ डेसिबल मिळतात, तेही घशाला ताण न देता. दुसऱ्या खोलीतून हाक मारून काही सांगणं तर बंदच करा. जवळ आल्यावर नेहमीपेक्षा किंचित मोठ्याने, थोडं सावकाश, शब्दांची टोकं न खाता बोला. एकेक अक्षर ताणू नका. त्याने ओठांची हालचाल बिघडते आणि वाक्याची लय तुटते.

कळलं नाही तर तेच वाक्य एकदाच पुन्हा म्हणा, मग शब्द बदला. विषय आधी सांगा: "औषधाबद्दल बोलतेय." आकडे सुटे करून सांगा, 'पासष्ट' म्हटल्यावर 'सहा, पाच' असंही म्हणा. औषधाची मात्रा किंवा वेळ असेल तर "कळलं ना?" असं विचारू नका, त्यावर मान हलतेच. काय ऐकलं ते त्यांनाच सांगायला लावा.